टेबल दारातून आत आणताना

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, चिठ्ठीच ती. आणि तिच्यातही निम्म्या जागेत मी लिहीत नाही म्हणून मला झाडलंयस. फोन का करत नाहीस, असंही विचारलंयस. अगं, फोनवर तू डेपोत उभी असल्यासारखी ओरडतेस, कामाचं तेवढं बोलतेस आणि ठेवून देतेस. पत्रात तुला मला मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र.

तर ऐक. इथे आमच्या वकिलातीत सध्या लगीनघाई आहे. इथले दोन शेजारी देश, मध्ये एक नदी, आणि नदीवर फेरीच्या नावा. रात्री नावा कुठल्या काठाला बांधायच्या, यावरून दोघांचं वाजलंय. आपला देश दोघांचाही मित्र, म्हणून बोलणी आमच्या दिवाणखान्यात, आणि राजदूतसाहेबांनी सगळी व्यवस्था माझ्या गळ्यात घातली आहे. एका बाजूचे प्रमुख मोठ्या मिशांचे, दुसऱ्या बाजूचे पूर्ण टकलू. दोघेही एकमेकांकडे बघत नाहीत. पहिला आठवडा कशात गेला सांगू? दाराकडे तोंड करून कोणी बसायचं, यात. दाराकडे पाठ म्हणजे म्हणे कमीपणा. मी गोल टेबल सुचवलं, तर यजमानांच्या उजव्या हाताला कोण, यावरून पुन्हा सुरू.

येण्यापूर्वी आमचं एक शिबिर घेतलं होतं. आजची मुत्सद्देगिरी म्हणजे निम्मं व्यवस्थापनच, असं तिथल्या बाई रोज सांगायच्या. उद्दिष्टं, वेळापत्रक, माणसं जोडणं, सगळं रंगीबेरंगी चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीला चिकटवायचं. मला सारखी तुझी आठवण यायची. तू इतकी वर्षं बसडेपो चालवतेस, ड्रायव्हर-कंडक्टरांची रोजची भांडणं मिटवतेस. ती कशी मिटवतेस ते मला जरा नीट, पहिल्यापासून सांग ना. माझ्या चिठ्ठ्या संपल्या आणि ही माणसं अजून उभीच आहेत. ही बोलणी फसली तर साहेब मला कायमची दप्तरखोलीत बसवतील, तसं त्यांनी हसत हसत सांगितलंयही.

दुसरं म्हणजे आई. मला इथे चांगलं ऐसपैस घर मिळालंय, मागे बाग आहे. तिला माझ्याकडे पाठव. आवडलं तर तिनं कायमचं राहावं, असं माझ्या फार मनात आहे. तुझं काय मत ते कळव.

तुझ्या रागावण्यासकट सगळा लोभ हवा आहे,
तुझी ठमी


दि. १५ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. आ.

पत्र वाचलं. दोनदा. एकदा मी मनात आणि एकदा आईनं मोठ्यानं, शेजारच्या काकूंना खिडकीतून ऐकू जाईल अशा बेतानं. धाकटीच्या दिवाणखान्यात दोन-दोन देश भांडायला येतात, हे तिनं भाजीवाल्यालाही सांगून झालंय. माझ्या डेपोत रोज अख्खं शहर भांडायला येतं, त्याचं कौतुक आजवर कुणाला सांगितलेलं मी तरी ऐकलं नाही.

खरं सांगू? मला हेवा वाटला. चांगला सणसणीत वाटला. तुला शिबिरं काय, रंगीत चिठ्ठ्या काय, बागेचं घर काय! मला कामावर घेतलं तेव्हा एक शिट्टी दिली, पाळ्यांचा तक्ता दाखवला आणि गाड्यांच्या वॉशिंगच्या जागी पाय घसरतो तेवढं जपा म्हणाले. झालं माझं शिबिर. आणि आता तुमच्या बाई सांगणार की मुत्सद्देगिरी म्हणजे व्यवस्थापन. उद्या मलाही राजदूत करा म्हणावं.

असो. विचारलंयस तर सांगते, धाकटी पडलीस ना. माझ्या तक्रारीच्या खोलीत टेबल नाही. मुद्दामच ठेवलेलं नाही. टेबल असतं सुट्या भागांच्या कोठारात. परवाचीच गोष्ट. लंबू आणि गुटगुटीत असे माझे दोन ड्रायव्हर आहेत, गाडी एकच, पाळ्या दोन. सकाळी लंबू सीट मागे ढकलतो आणि आरसा वर करतो. दुपारी गुटगुटीत सीट पुढे ओढतो आणि आरसा खाली. दोघांनाही वाटतं की दुसरा हे आपल्याला छळायलाच करतो. प्रकरण कॉलर धरण्यापर्यंत आलं. मी दोघांना बोलावलं, लिहून घ्यायला टेबल लागेल म्हटलं, आणि दोघांनाच ते आणायला पाठवलं. कोठाराचं दार अरुंद आहे. टेबल आडवं करून, आधी दोन पाय बाहेर काढून, मग वळवून आणावं लागतं. एकट्याचं काम नाही. एकाला थांब म्हणावं लागतं, दुसऱ्याला जरा तुझ्याकडे घे म्हणावं लागतं. हात चेंगरला की एकमेकांचा बघावा लागतो. टेबल माझ्या खोलीत येईपर्यंत निम्मं भांडण कोठारातच राहिलेलं असतं. मग कोण कुठे बसलं याचं कुणाला काही नसतं, कारण धापा टाकत मिळेल तिथे बसतात.

तेव्हा तुझं ते गोल टेबल उचल आणि दुसरीकडे नेऊन ठेव. त्यांनाच आणू दे. आणि हो, त्या नावा चालवणाऱ्यांचं काय म्हणणं आहे, ते तुम्ही कोणी विचारलंत का? मीही कुठे डोकं घालतेय, पण रात्री दोर तेच बांधतात ना.

आईचं म्हणशील तर तिचे गुडघे हल्ली फार दुखतात. विमानात पाय आखडतात. डॉक्टर नकोच म्हणतील. शिवाय तुमची तिथली थंडी. तिला इथली सवय आहे, माझी सवय आहे. उगाच तिच्या मनात भरवू नकोस.

धाकटीवर जीव आहेच. तो आईसमोर कबूल करायला लावू नये,
तुझी ताई


दि. २७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ताई, तू थोर आहेस! आमच्या दिवाणखान्याचं दार दोन फळ्यांचं आहे. एका फळीला मी कुलूप घातलं, टेबल जेवणघरात नेऊन ठेवलं आणि दोन्ही प्रमुखांसमोर हात जोडून सांगितलं की नोकरमाणसं आज सुट्टीवर आहेत, माफ करा. (सगळ्यांना मागच्या बागेत बसवून ठेवलं होतं.) पहिल्यांदा दोघेही छताकडे बघत राहिले. मग मिशीवाल्यांनी कोट काढला, टकलूंनी बाह्या सरसावल्या आणि निघाले. टेबल दारात असं काही अडकलं की आत कोणाला जाता येईना आणि बाहेर कोणाला येता येईना. मिशीवाल्यांचा अंगठा चेंगरला, टकलूंनी रुमाल ओला करून बांधला. वर्तमानपत्रवाल्याला नेमका तोच फोटो मिळाला. त्यात मी मागे उभी आहे, केस ठीक आलेत. कात्रण सोबत आहे, आईला दाखव.

साहेब बेहद्द खूश. त्यांनी मला नव्या अधिकाऱ्यांसमोर भाषण करायला लावलं, विषय मुत्सद्देगिरी आणि व्यवस्थापन कौशल्यं. मी डेपोचं उदाहरण न सांगता टेबलाचं सांगितलं. हे कुठे शिकलात असं एकानं विचारलं. जवळच्याच एका अनुभवी व्यवस्थापकाकडून, असं मी म्हटलं आणि टाळ्या झाल्या.

पण आता पुढे गाडी अडली आहे. टेबल आलं, माणसं बसली, आणि बसल्यापासून दोघेही फक्त माझ्याशी बोलतात. मिशीवाले माझ्याकडे बघून टकलूंना टोमणा मारतात, टकलू माझ्याकडे बघून हसतात. मी दोघांची पोस्टमन झाले आहे. तू यानंतर काय करतेस? लौकर कळव, आता महिनाच हातात आहे. नावाड्यांना बोलवायचा इथे रिवाज नसतो गं, बोलणी सरकारांची असतात.

आईसाठी बागेच्या बाजूची खोली रंगवून घेतली. गुडघ्यांसाठी बसका पलंग सांगितलाय. विमानात पुढची जागा मिळते, तिथे पाय लांब करता येतात, मी चौकशी केली. तेव्हा ते कारण आता निकालात निघालं.

लोभ मागते, आणि त्याच्यासोबत पुढची युक्तीही,
ठमी


दि. ८ मार्च

चि. ठमीस,
अ. आ.

कात्रण मिळालं. आईनं ते फ्रिजवर लावलंय. दूध काढायला गेले की तू, भाजी ठेवायला गेले की तू. काल रात्री बर्फ काढायला गेले तर तिथेही तुझे ठीक आलेले केस. आई येईल त्याला फ्रिजपाशी नेते. मीटर वाचणारा आला होता, त्यालाही नेलं.

आणि काय गं, जवळच्याच एका अनुभवी व्यवस्थापकाकडून? एका? नाव घ्यायला जीभ झडली असती का? माझी बहीण डेपो चालवते, तिच्याकडून शिकले, असं म्हटलं असतंस तर टाळ्या कमी पडल्या असत्या? की डिझेलचा वास आला असता तुमच्या सभागृहात? वाचून माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. टेबल माझं, दार माझं, चेंगरलेले अंगठे माझे, आणि फोटो तुझा.

पुढे काय करते म्हणून विचारतेस. काही नाही करत. तू मुत्सद्दी आहेस, तूच बघ. भिंतीला चिठ्ठी चिकटव एखादी.

इथे आधीच माझ्या डोक्याला ताप आहे, आणि तोही तुझ्यामुळेच. ठमीकडे म्हणे प्रत्येकाच्या खुर्चीसमोर नावाची पाटी असते, ठमीकडे म्हणे मान बघून बसवतात, असं आईनं महिनाभर माझं डोकं खाल्लं. शेवटी मीही इरेला पेटले. युनियनच्या बैठकीला नोकरीच्या क्रमानं नावाच्या पाट्या मांडल्या. थोरल्या मेकॅनिकला धाकट्या मेकॅनिकच्या खाली बसवलं गेलं, कारण धाकटा वयानं लहान पण आधी लागलेला. आठ वर्षं एका खड्ड्यात उतरून एकाच गाडीखाली काम करणारी माणसं, आता एकमेकांना पाना देत नाहीत. कालपासून चार गाड्या उभ्या आहेत. व्हायचं तेच झालं, दुसऱ्याचं बघून करायला गेले.

आईनं परवा माळ्यावरून तिची सूटकेस काढायला लावली. का ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तुला माहीत असेलच म्हणा.

लोभाचं काय ते तुझं तू समजून घे,
ताई


दि. १० मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक. तू वेळेवर जेवत जा, केस विंचरत जा, आणि पायात मोजे घाल.

ताईनं तुला पत्र टाकलं ते मी वाचलेलं नाही, पण पाकीट चिकटवताना तिनं जे तोंड केलं होतं ते पाहिलं. तिनं तुला अर्धंच सांगितलंय, असा मला दाट संशय आहे. उरलेलं मी सांगते. मी सांगितलं हे मात्र तिला कळू देऊ नकोस, घरात राहायचंय मला.

ती चष्मा विसरून जाते, म्हणून आठवड्यातून दोनदा तरी मला डेपोत जावं लागतं. मी पाहिलंय. टेबल आणून भांडणारे बसले की तुझी ताई उठते, बाहेर येते आणि दार ओढून घेते. मग वॉशिंगच्या जागेजवळ बाक आहे, त्यावर बसून संध्याकाळच्या भाजीचे मटार सोलते. आतून हाक आल्याशिवाय उठत नाही. साहेब आला तरी उठत नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली की आपण समोर असलो की माणसं आपल्याला पटवत बसतात, एकमेकांना पटवायला त्यांना आपण नको असतो.

तुझी ताई आहेच तशी. एवढा मोठा डेपो, पण गेटपासून आतपर्यंत प्रत्येक जण तिला ओळखतो. शिपाई मला खुर्ची देतो ती बाईंची आई म्हणून. कुठल्या गाडीचा ब्रेक कधी करकरतो ते तिला आवाजावरून कळतं. परवा पाट्यांचा काहीतरी घोळ झाला, तर दुसऱ्या दिवशी स्वतः खड्ड्यात उतरली आणि दोन्ही मेकॅनिकना पाना देत राहिली. असं कोण करतं? मी काकूंनाही सांगितलं, असं कोणी करत नाही.

सूटकेसचं तू विचारशील. मावशीचं पत्र आलंय, पुन्हा रेडिओवरून शेजाऱ्यांशी भांडली आहे. बघू. तुझ्या बागेचं वाचून छान वाटलं. तेही बघू.

तुझ्यावर आहे तेवढाच जीव राहील, कमी-जास्त काही मागू नये,
आई


दि. २४ मार्च

ती. ताईस,
सा. न.

करार झाला. नावा एक दिवस या काठाला आणि एक दिवस त्या काठाला. काल सह्या झाल्या.

कसा झाला तेही ऐक. दोघेही नेहमीप्रमाणे माझ्याशी बोलायला लागले, तशी मी उठले, बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. आमच्या स्वयंपाक्याकडून टोपलीभर मटार मागून घेतले आणि दारासमोरच्या पायरीवर सोलत बसले. राजदूतसाहेब तिकडून आले. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बोलणी चालू असताना माझी जागा आत आहे, हे त्यांनी मला तीन वेगवेगळ्या सुरांत सांगितलं. मी उठले नाही. दप्तरखोली डोळ्यांसमोर दिसत होती, पण उठले नाही. दुपारी दार उघडलं. दोघेही कोट हातात घेऊन बाहेर आले. टकलूंनी जाता जाता माझ्या टोपलीतले मूठभर मटार खाल्ले.

आईनं सांगू नकोस म्हटलं होतं, पण सांगते. तिनं कळवलं मला. तू लपवलंस, ताई. माझं सगळं जाईल हे माहीत असून लपवलंस. त्या दिवशी नाव घेतलं नाही ते माझं चुकलंच. सगळ्यांसमोर भाव मारायचा होता मला. पण तू एवढं मनाला लावून घ्यावंस?

आणि हेवा फक्त तुलाच वाटतो असं समजू नकोस. तुला काय कमी आहे गं? आईचं एक पत्र दाखव ज्यात तू नाहीस. ताईला गेटपासून सगळे ओळखतात, ताईला ब्रेकचा आवाज कळतो, ताई खड्ड्यात उतरली. माझ्याबद्दल काय, तर मोजे घाल. मी इथे दर तीन वर्षांनी नव्या गावात नवी, ओळख होते तोवर बदली. इथल्या शिपायालाही माझं नाव नीट म्हणता येत नाही. तुझ्याकडे रोज संध्याकाळी आई असते. माझ्याकडे कोण आहे? बोलणी संपल्यावर मी कोणाला सांगायला जाऊ? रिकाम्या बागेला?

तेव्हा आईच्या गुडघ्यांच्या कहाण्या पुरे. मी तिकीट काढते आहे. इतकी वर्षं तू ठेवलीस, आता माझी पाळी.

लोभ मागण्याच्या मनःस्थितीत नाही,
ठमी


दि. ४ एप्रिल

चि. ठमे,
अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र हातात घेऊन मी स्वयंपाकघरात खाली फरशीवर बसले. लपवलं ते लपवलंच. पोटात दुखत होतं म्हणून लपवलं, दुसरं काही कारण नाही. तुझं काही बिघडलं असतं तर मी स्वतःला तोंड दाखवू शकले नसते. पुढचं ऐक, कारण ते जास्त महत्त्वाचं आहे.

तू म्हणतेस की आई तुला फक्त माझंच लिहिते. अगं, ती माझ्याशी फक्त तुझंच बोलते! सकाळी चहाला ठमी, रात्री झोपताना ठमी. खड्ड्यात उतरून आले त्या दिवशी मला काय म्हणाली सांगू? साडीला ऑईल लागलंय, आणि ठमी बघ कशी टापटीप असते. तुझ्याकडे तिनं माझं कौतुक केलं, हे मला आज तुझ्या पत्रातून कळतंय. या वयात!

मी तडक जाऊन तिला विचारलं. आधी ती चष्म्याची काच पुसत बसली. मग म्हणाली की समोर असलेल्या मुलीचं कौतुक केलं तर ती चढून बसते. जी समोर नाही तिचं करावं, म्हणजे जवळचीच्या मनात लांबचीबद्दल माया राहते. तिला खरोखरच वाटत होतं की ती आपल्या दोघींना जोडून ठेवते आहे. मी म्हटलं की आई, तू आम्हाला लहानपणापासून एकमेकींच्या अंगावर घातलंस. ती पुन्हा काच पुसायला लागली. तेवढ्यात मीही बोलून गेले की ठमीनं तिकीट काढलंय, तर एकदा ठरव, तुला कोणाकडे राहायचंय.

दुसऱ्या दिवशी सूटकेस घेऊन ती मावशीकडे गेली. मी हादरलेच. जाताना म्हणाली की तुमचं तुम्ही दोघी मिटवा, मी मध्ये असले की तुम्ही माझ्याशीच बोलता. आणि बाहेर पडून तिनं दार ओढून घेतलं. माझंच शस्त्र माझ्यावर!

घर खायला उठतं गं. चष्मा विसरला तरी कोणी आणून देत नाही. तू रिकाम्या बागेबद्दल लिहिलंस ते आता कळलं. तेव्हा आपणच ठरवू. माझं म्हणणं असं: अर्धं वर्ष तुझ्याकडे, अर्धं वर्ष माझ्याकडे. नावांसारखंच.

हेवा ठेवते आहे, पण लोभ त्याच्या वर ठेव,
तुझी ताई


दि. १६ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मान्य. अर्धं अर्धं मान्य. मी लगेच रीतसर मसुदा टाईप केला आहे, सोबत दोन प्रती. कलम पहिलं, उन्हाळ्यात तुझ्याकडे, थंडीत माझ्याकडे. (थंडीचं तुझं म्हणणं खोडून काढलंय, खोली गरम राहते.) कलम दुसरं, डॉक्टर दोन्हीकडचे. कलम तिसरं, आईनं एकीकडे असताना दुसरीचं कौतुक करू नये. फारच अनावर झाल्यास जी समोर असेल तिचंही थोडं करावं. पहिली पाळी कोणाची यावर मी अडून बसणार होते, पण तू एकटी आहेस म्हणून तू घे. बघ किती मोठ्या मनाची आहे मी. वाचून सही कर आणि एक प्रत मावशीच्या पत्त्यावर टाक.

भाषण पुन्हा झालं. या वेळी सांगितलं, माझी थोरली बहीण, बसडेपोची व्यवस्थापक. टाळ्या तेवढ्याच झाल्या. मला जरा राग आला की त्या तुला मिळाल्या.

आमच्या कराराची मात्र फजिती चालू आहे. नावाडी नावा हलवायलाच तयार नाहीत. एका काठाला संध्याकाळी चिखल होतो, तिथे नाव बांधली की सकाळी निघत नाही. दोन्ही सरकारांत कोणालाच हे माहीत नव्हतं. तू पहिल्याच पत्रात विचारलं होतंस. आता साहेबांनी नावाड्यांना बोलावलंय.

सही ठळक कर, आणि लोभही,
ठमी


दि. २ मे

चि. ताई आणि चि. ठमी, दोघींस,
अ. उ. आ.

दोघींना एकच पत्र लिहिते आहे. मावशीच्या शेजारच्या पोरीकडून त्याच्या दोन प्रती करून घेतल्या, म्हणजे कुणाला एक ओळ जास्त गेली अशी शंका नको.

तुमचा करार मिळाला. फार सुंदर टाईप केलाय. खाली ताईची सही आहे, ठमीची सही आहे. मी कुठे करायची ते शोधलं, पण तेवढी जागा सोडायची राहून गेली असावी. उन्हाळ्यात या काठाला आणि थंडीत त्या काठाला. ताई, नावाड्यांना विचारलं का, असं तूच ठमीला विचारलं होतंस, त्यावर आलेलं ठमीचं उत्तर मीच काकूंसाठी मोठ्यानं वाचलं होतं. माझ्या वेळी मात्र तुम्हा दोघींपैकी एकीच्याही तोंडून ते आलं नाही.

मी रागावलेली नाही. दार ओढून मीच बाहेर आले होते. पण तुझ्या डेपोत, ताई, दाराआड जे ठरतं ते निदान आत बसलेल्यांचं स्वतःचं असतं; इथे ठरलं ते माझं. मी तर तुमचं टेबल झाले.

माझंही चुकलं. आयुष्यभर एकीचं कौतुक दुसरीपाशी करत राहिले आणि वाटलं, केवढी हुशारी करतेय. तर आता तोंडावर सांगते, दोघींनीही ऐका. ताई, तू खड्ड्यातून वर आलीस, साडीभर ऑईल होतं, आणि मला वाटलं की ही माझी मुलगी आहे हे सगळ्यांना ओरडून सांगावं. मी साडीबद्दल बोलले. ठमे, साहेब ओरडत असताना तू पायरीवरून उठली नाहीस, हे ताईला आलेल्या तुझ्या पत्रात वाचून मी रडले. तुला मात्र मी आजवर मोज्यांबद्दलच लिहीत आले. झालं, सांगितलं. आता पुन्हा विचारायला येऊ नका, मला लाज वाटते.

राहण्याचं म्हणाल तर मी इथेच राहते आहे. मावशी आणि मी लहानपणापासून एकमेकींवर जळतो. तिचे दात अजून सगळे तिचे आहेत, हे मला बघवत नाही, आणि माझ्या दोन मुली माझ्यासाठी भांडतात, हे तिला बघवत नाही. दिवसभर रेडिओवरून आमची जुंपते. मला इथे कोणी वाटून घेत नाही. फार बरं वाटतं.

भेटायला या, दोघी मिळून या. फक्त एवढं ध्यानात ठेवा, मावशीकडे खुर्च्या तीनच आहेत. एक तिची आणि एक माझी. तिसरीवर कोणी बसायचं ते तुम्ही बाहेर ओट्यावर ठरवा. मी आत आहे, दार ओढून घेतलंय, आणि ठरल्याशिवाय हाक मारू नका.

दोघींवर सारखाच जीव आहे, मोजून बघू नये,
आई